उमराहचं पॅकेज आणि आपला आळस

माझ्या फुफीने शिलाईमशीन चालवून साठवलेल्या पैशांतून दोन वर्षांपूर्वी उमराह केला. परत आल्यावर मोहल्ला भेटायला आला, जमजम आणि खजूर वाटले गेले, फुफी सगळ्यांशी हसून बोलली. पाहुणे पांगल्यावर मला म्हणाली, "रियाजुल जन्नात माझी नमाज राहिली रे." मदिनेत चार दिवस राहूनही राहिली. मस्जिद-ए-नबवीतल्या त्या जागेत जायला 'नुसुक' नावाच्या सरकारी ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते, बायकांच्या वेळा वेगळ्या असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या एजंटने तिच्याकडून ९५,००० रुपये घेतले तो निघण्यापूर्वी म्हणाला होता, तिकडे गेल्यावर बघू. तिकडे गेल्यावर बघितलं, तर सगळ्या वेळा भरलेल्या.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं सांगतो. हज वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांतच होतो. उमराह ही छोटी यात्रा, हजचे दिवस सोडले तर वर्षात कधीही करता येते. मदिनेची भेट उमराहचा भाग नाही, पण एवढ्या दूर जाऊन मदिनेला न जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि रियाजुल जन्ना म्हणजे पैगंबरांचं घर आणि त्यांचं मिंबर यांच्यामधली जागा. आमच्याकडची बाई आयुष्यभर तिथे दोन रकात नमाज पढण्याचं स्वप्न बघते.

एजंटचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला. ज्या महिन्यात फुफी गेली त्याच महिन्यात मी ऑफिसातल्या सहा मित्रांची हिमाचलची सहल फोनवर आखली होती. कुठल्या वळणावर कुठला ढाबा, कुठल्या हॉटेलात गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत, इथपर्यंत. फुफीच्या उमराहसाठी मी काय केलं? तिचा पासपोर्ट एजंटच्या दुकानात नेऊन दिला आणि सलाम करून आलो.

हे माझ्या एकट्याचं नाही. आपण साधा फ्रीज घेताना चार दुकानं फिरतो. मुलीच्या कॉलेजचं फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यावरही विश्वास ठेवत नाही, शेजारी उभं राहून एकेक रकाना वाचतो. आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रवासाला निघताना मात्र डोळे मिटून पैसे मोजतो. विचारलं तर उत्तर तयार असतं: अल्लाहच्या घरी चाललोय, तिथे काय हिशोब करायचा?

हे ऐकायला गोड आहे, पण दीनच्या दृष्टीनेही कच्चं आहे. सूरह बकराची १९७वी आयत हजबद्दल आहे आणि तिच्यात प्रवासाची शिदोरी सोबत घेण्याचा हुकूम आहे. तफसीरमध्ये त्याचं कारण दिलंय. यमनहून काही लोक काहीही न घेता हजला निघायचे, आमचा भरोसा अल्लाहवर आहे म्हणायचे आणि मक्केत पोहोचून लोकांकडे हात पसरायचे. त्यांना हे बजावलं गेलं. पूर्वी शिदोरी म्हणजे पाणी, सातू आणि उंटाचा चारा. आज व्हिसाचा नियम, हॉटेलचं खरं अंतर आणि ॲपवरची वेळ हीसुद्धा शिदोरीच आहे. ती न बांधता निघणं म्हणजे तवक्कुल कसा होईल?

आता बाजार बघा. आमच्या शहरात रमजानच्या आधी प्रत्येक चौकात फ्लेक्स लागतात. फाइव्ह स्टार हॉटेल, हरमपासून ३०० मीटर, भारतीय जेवण, सोबत मौलाना, जियारत मोफत. बहुतेक व्यवहार रोखीत. पावती म्हणजे लेटरहेडवर हाताने लिहिलेला आकडा, कधी तोही नाही. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून टीसीएस घेऊन तो ग्राहकाच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो आणि आयकर विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो, हे फुफीसारख्या किती जणांना ठाऊक आहे? एजंटने 'टॅक्स' म्हणून पैसे कापले होते. ते कुठल्या खात्यात गेले, ते त्यालाच माहीत. पावती नसेल तर ग्राहक आयोगाकडे तक्रार घेऊन जाणार तरी कशाच्या जोरावर?

सगळे एजंट चोर आहेत असं मी म्हणत नाही. वीस-वीस वर्षं इमानदारीने माणसं नेणारे मला माहीत आहेत. माझं भांडण आपल्या आंधळेपणाशी आहे, आणि त्याची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. २०२४च्या हजमध्ये पारा ५० अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यातले ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते. पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला हज करता येत नाही, त्याला मिनातला वातानुकूलित तंबू मिळत नाही की बस मिळत नाही. अशा लोकांना उन्हात मैलोगणती चालावं लागलं. त्यांच्यातल्या अनेकांना कुणीतरी 'व्हिसा आहे ना, मग हज होऊन जाईल' असं सांगितलेलं होतं. इजिप्तने नंतर १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले. सौदीच्या अधिकृत संकेतस्थळावर हा नियम साध्या शब्दांत लिहिलेला आहे. वाचायला पाच मिनिटं लागतात.

आपल्याकडचं २०२५चं उदाहरण घ्या. भारताचा हज कोटा १,७५,०२५ जागांचा. त्यातल्या १,२२,५१८ हज कमिटीकडे आणि ५२,५०७ खासगी आयोजकांकडे. मिनातल्या तंबूंचे, निवासाचे, वाहतुकीचे करार मुदतीत झाले नाहीत आणि खासगी जागा अडकल्या. शेवटी १०,००० लोकांपुरतं पोर्टल पुन्हा उघडलं. सरकारने दोष आयोजकांना दिला, आयोजकांचं म्हणणं वेगळं होतं. पण ज्यांनी पैसे भरले होते त्यांना या मुदती कळल्या कधी? वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा. हज भारतातून स्वतःच्या स्वतः करता येत नाही, हज कमिटी किंवा मान्यताप्राप्त आयोजक हेच दोन रस्ते आहेत. तरीही आपल्या आयोजकाचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि त्याच्या मुदती कोणत्या, हे तपासणं आपल्याच हातात आहे.

उमराहचं तसं नाही. त्यात आपल्या हातात बरंच काही आहे. गेल्या हिवाळ्यात अम्मी-अब्बा निघाले तेव्हा मी, धाकटी बहीण आणि फुफी असे तिघे जेवणाच्या टेबलावर वही आणि फोन घेऊन बसलो. पंधरा दिवस रोज रात्री तासभर.

पहिला प्रश्न आम्ही चुकीचा विचारत होतो: स्वस्त तिकीट कुठलं? खरा प्रश्न होता, आधी मक्का की आधी मदिना? मुंबईहून जेद्दाला उतरून सरळ मक्केला जायचं तर मिकात विमानातच ओलांडला जातो. म्हणजे एहराम घरून किंवा विमानतळावरून बांधून निघायचं. अब्बा ७१ वर्षांचे, दोन बिनशिवलेल्या चादरी गुंडाळून पाच-साडेपाच तास विमानाच्या एसीत बसायचं, वर लघवीला दर तासाला उठायचं. आधी मदिनेला गेलं तर साध्या कपड्यांत प्रवास, चार दिवस आराम आणि एहराम तिथून. मदिनेचा मिकात जुल हुलैफा, ज्याला आता अबयार अली म्हणतात, शहरापासून साधारण १० किलोमीटरवर आहे. मग विमानाच्या तिकिटांच्या साइटवर 'येण्या-जाण्याचं' तिकीट न शोधता 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडला: जाताना मुंबई ते मदिना, येताना जेद्दा ते मुंबई. मध्ये एक थांबा घ्यावा लागला, पण परतीसाठी पुन्हा मदिनेला जाण्याचा साडेचारशे किलोमीटरचा हेलपाटा वाचला. पॅकेजवाला हे कधी सुचवत नाही, कारण त्याने चाळीस माणसांची तिकिटं एकगठ्ठा घेतलेली असतात. त्यात अब्बांच्या लघवीचा विचार नसतो.

मदिना ते मक्का हरमैन रेल्वे आहे, २०१८ पासून सुरू आहे, तासाला ३०० किलोमीटरपर्यंत धावते आणि अडीच तासांच्या आत पोहोचवते. तिकीट तिच्या संकेतस्थळावर मिळतं. पण रेल्वे अबयार अलीला थांबत नाही. मग एहरामचं आणि नीयतचं काय करायचं, हे आम्ही नकाशाला विचारलं नाही, आमच्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी दहा मिनिटांत नीट समजावलं. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मसला आलिमला विचारावा आणि हॉटेलचं अंतर नकाशाला. आपण उलटं करतो. मौलाना सोबत आहेत म्हणून हॉटेल चांगलं असणार असं धरून चालतो, आणि मसले व्हॉट्सॲपवर शिकतो.

हॉटेलसाठी सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जावा. '३०० मीटर' हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाने मोजलेलं असतं, तेही हरमच्या बाहेरच्या अंगणापर्यंत. फुफीचं हॉटेल असंच '४०० मीटर'वर होतं. प्रत्यक्षात वळसा घालून रस्ता, शेवटी चढ आणि पायऱ्या. काबा खोऱ्याच्या तळाशी आहे. १९४१च्या पुरात तिथे माणसं पोहत तवाफ करत होती, ते छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. म्हणजे बऱ्याच हॉटेलांवरून जाताना उतार आणि येताना चढ. तवाफचे सात फेरे आणि सफा-मरवामधली साधारण तीन किलोमीटरची सई संपवून, दुखऱ्या गुडघ्यांनी. म्हणून आम्ही काय केलं, तर नकाशावर चालण्याचा पर्याय निवडून हॉटेलच्या दारापासून हरमच्या ठरावीक दरवाजापर्यंत रस्ता काढला, 'मस्जिद अल हराम' एवढंच लिहून थांबलो नाही. मग हॉटेलची परीक्षणं 'सर्वात नवी आधी' लावून वाचली. त्यातही पाचपैकी पाच तारे देणाऱ्यांची सोडून दोन-तीन तारेवाल्यांची. चढ, लिफ्टची रांग, व्हीलचेअर हे शब्द तिथेच सापडतात. फजरच्या आधी लिफ्टला वीस मिनिटं थांबावं लागतं, हे हॉटेलच्या जाहिरातीत कसं असेल? मदिनेसाठी फुफीने प्रश्न विचारला, जो मला आयुष्यात सुचला नसता: बायकांचे दरवाजे कोणत्या बाजूला आहेत? घरातले पुरुष आपल्या दरवाजाजवळचं हॉटेल घेतात आणि बाई पाच वेळा मस्जिदीला वळसा घालते.

व्हिसा मात्र आम्ही परवानाधारक एजंटकडूनच काढला. २०२५ पासून उमराह व्हिसासाठी सौदीच्या यंत्रणेत नोंदलेलं, परवाना असलेलं हॉटेल दाखवावं लागतं. तेव्हा कुठल्याही साइटवर स्वस्तातली खोली घेऊन टाकली आणि व्हिसा अडकला, असं होऊ शकतं. आधी नियम वाचायचा, मग पैसे भरायचे. हॉटेल आम्ही निवडलं, नोंद एजंटने केली आणि त्याच्या सेवेची किंमत त्याने वेगळी लिहून दिली, पावतीसह. चांगला एजंट याला नाही म्हणत नाही. आधी ज्या दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडून आम्ही उठून आलो.

व्हिसा आल्याबरोबर बहिणीने नुसुकवर अम्मी-अब्बांची खाती उघडून रियाजुल जन्नाच्या वेळा घेतल्या. अम्मीची वेळ आणि अब्बांची वेळ वेगळी, दोन्हींचे स्क्रीनशॉट छापून पासपोर्टच्या कव्हरात ठेवले. या कामाला किती वेळ लागला? पंचवीस मिनिटं. एवढ्यासाठी माझ्या फुफीची नमाज राहिली होती.

ऑनलाइन साधनं म्हणजे फरिश्ते आहेत असं समजू नका, तीही धंदाच करतात. शोधल्यावर सगळ्यात वर येतात त्या जाहिराती, आणि सरकारी साइटसारखा चेहरा घेतलेली दलालांची दुकानं त्यात असतात. 'फक्त १ खोली शिल्लक' हे वाक्य दुसऱ्या दिवशीही तसंच असतं. रद्द केल्यास पैसे परत मिळतील की नाही, ते बारीक अक्षरात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू केलेला नसेल तर ऐन रेल्वेच्या तिकिटाला पैसे जात नाहीत. अम्मीच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, आपल्याकडच्या जुन्या बायकांचा बहुधा असतोच. तिकिटाचा फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही. तिथे मनाने 'शेख' टाकून मोकळं होऊ नका, विमान कंपनीला विचारून ती सांगेल तसंच भरा. आणि हल्ली एआयला विचारलं की सात दिवसांचा सुबक तक्ता मिळतो. बहिणीला मिळालेल्या तक्त्यात म्हटलं होतं की ४५ वर्षांखालच्या बाईला सौदीत महरमशिवाय प्रवेश नाही. ती अट काढल्याचं सौदीच्या हज मंत्र्यांनी २०२२ मध्येच जाहीर केलं होतं.

गंमत अशी की आमच्या शहरातले एजंटही अजून तेच सांगतात. महरमशिवाय बाईने जावं की नाही, यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावं. पण सरकारचा नियम म्हणून जुनी गोष्ट खपवू नये. त्यातून होतं काय, की एकट्या बाईसोबत कागदावरचा 'महरम' जोडण्याचे पैसे निघतात. भारतात हज कमिटीनेही २०१८च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या बायकांना गटाने महरमशिवाय जाऊ दिलं आहे.

बायकांना हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायची आहे. १५७५ मध्ये गुलबदन बेगम फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. ती अकबराची फुफी. तिच्यासोबत शाही घराण्यातल्या बायकांचा काफिला होता. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना लागायचा आणि त्यासाठी त्यांना सुरतेत महिनोन्महिने थांबावं लागलं. त्या वेळचा व्हिसाच तो. हज करून ती परतली १५८२ मध्ये. तिच्यामागे बादशाही होती हे खरं. पण आपल्या फुफीमागे आपण आहोत ना? तिच्या हातातला फोन फक्त व्हॉट्सॲपच्या जुमा मुबारकसाठी आहे का?

आणि दलालांचा प्रश्नही काही आजचा नाही. मुंबई बंदरात हाजींना लुबाडणाऱ्या दलालांच्या आणि खच्चून भरलेल्या जहाजांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६ मध्ये इंग्रज सरकारने हजच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवलं. काही वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. तेव्हाच्या हाजीकडे दर विचारायला बंदरावरचा दलाल सोडून दुसरं कुणी नव्हतं. आज आपल्याकडे सगळं आहे आणि आपण विचारत नाही.

मला सांगितलं जातं की म्हाताऱ्या माणसांना सोबत लागते, भाषा येत नाही, गटात धीर येतो. अगदी खरं. अम्मी-अब्बांना मदिनेत बीडच्या एका गटाचा शेजार मिळाला, त्यांच्या मौलानांनी अब्बांना तवाफात हाताला धरून नेलं, त्यांचे उपकार आहेत. ज्याला गटाने जायचं त्याने गटानेच जावं. पण आधी घरात बसून एकदा संपूर्ण प्रवास कागदावर मांडावा. मग एजंटला विचारता येतं: हॉटेलचं नाव काय, 'किंवा तत्सम' म्हणजे नेमकं कुठलं, एका खोलीत किती माणसं, कोणत्या दरवाजाजवळ, रियाजुल जन्नाची वेळ कोण घेणार, पासपोर्ट परत कधी मिळणार. पैसे किती वाचले, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर फारसे नाही, पॅकेजपेक्षा थोडेच कमी लागले. तो हिशोब दाखवून तुम्हाला पटवायचं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

गेल्या महिन्यात मी आमच्या मस्जिदीच्या ट्रस्टींना एक विनंती केली. उमराहला जाणाऱ्यांसाठी जुम्यानंतर एक तास द्या, फोन आणि नकाशा घेऊन मुलं-मुली शिकवतील, बायकांसाठी वेगळी बैठक फुफी आणि माझी बहीण घेतील. ट्रस्टींपैकी एकाच्या भाच्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. विनंतीवर विचार चालू आहे, असं मला सांगण्यात आलं. तोपर्यंत फुफीच्या ओसरीवर बैठक सुरू झाली आहे, दर रविवारी असरनंतर. पहिल्या रविवारी चार बायका आल्या. परवा अकरा होत्या, आणि एकीने येताना एजंटकडून मिळालेला कागद सोबत आणला होता. त्यावर हॉटेलच्या नावाची जागा कोरी होती.